वन्संचा काहीही जाळणारा स्टोव्ह

माझ्या थोरल्या नणंदबाई इंदापुरात सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एक मोठी सॅक आणि डोंगरात चालायचे बूट विकत घेतले आणि मला फोन करून सांगितलं, की येत्या शनिवारी आपण दोघी गडावर जातोय. विचारलं नाही, सांगितलं. मी बारामतीला एका शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते, हे कारण मी पुढं केलं. "मग दुपारी निघू," वन्सं म्हणाल्या. मी त्यांना अजून वन्संच म्हणते. दुसरं काही म्हणून बघायचं धाडस लग्नाला वीस वर्षं होऊनही मला झालेलं नाही.

पहिले दोन-तीन गड आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढले. मग मुक्कामाचे बेत सुरू झाले आणि गरम जेवणाची गरज पडली. पुण्याहून येताना मी एक छोटा गॅसचा बर्नर आणला. मुठीएवढा. खाली गॅसचा डबा असतो, त्यावर तो स्क्रूसारखा फिरवून बसवायचा. घरी ओट्यावर तो झकास चालला. भोरपलीकडच्या एका गडावर, जानेवारीच्या थंडीत, त्यानं अर्ध्या खिचडीला मान टाकली. डब्यात गॅस होता, हलवला की आवाज येत होता, पण वर यायला तयार नव्हता. मी डबा काखेत धरून ऊब दिली, वन्संनी त्याला स्वेटर गुंडाळला. शेवटी आम्ही ती खिचडी तशीच खाल्ली. तांदूळ दाताखाली कर्र कर्र वाजत होता. वन्संनी ताटली पूर्ण संपवली आणि शांतपणे म्हणाल्या, "हा पेशंट पुन्हा माझ्यापुढं आणू नकोस."

त्याचा गॅसचा डबाही आमच्याकडं मिळत नव्हता. इंदापूरच्या बाजारात मी रिकामा डबा दाखवला, तर दुकानदारानं मला डास मारायचा फवारा काढून दिला. कुरिअरवाले असली वस्तू नेत नाहीत. तेव्हा वन्संनी ठरवलं, की जिथं जाऊ तिथं जे मिळेल त्यावर पेटणारा स्टोव्ह पाहिजे. गावात मोटारसायकल असेल तर पेट्रोल, जीप असेल तर डिझेल, कुणाकडं जुनं रॉकेल राहिलं असेल तर रॉकेल.

असे स्टोव्ह असतात. एक बाटली, तिला पंप, पंपातून निघालेली नळी आणि तिच्या टोकाला तीन पायांचा बर्नर. चांगल्या परदेशी कंपनीच्या स्टोव्हची किंमत मी मोबाईलवर दाखवली, तेव्हा वन्संनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावून पाहिलं.

"एवढ्यात माणसाचा मोतीबिंदू निघतो," त्या म्हणाल्या.

"मग स्वस्तातला बघू?"

"बघू. पण आधी तात्यांना विचारू."

हे तात्या म्हणजे इंदापुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत टपरी टाकून बसलेले सत्तरीचे गृहस्थ. पूर्वी ते घराघरातले रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करायचे. रॉकेल गेलं, स्टोव्ह गेले, आणि तात्या पिकावर औषध मारायचे फवारणी पंप दुरुस्त करायला लागले. वन्संनी कधीकाळी त्यांच्या हाताला टाके घातले होते, त्यामुळं आम्हाला बसायला स्टूल मिळालं.

मोबाईलवरचे फोटो त्यांनी बोटानं मोठे करून पाहिले. "ह्यात नवीन काय हाय?" ते म्हणाले. "आपला जुना पंपाचा स्टोव्हच की. टाकी तेवढी लांब न्हेऊन ठिवलीय."

"पण यावर पेट्रोल चालतं, तात्या."

"चालंल की. पण किती दिस?" त्यांनी फळीवरून एक काचेची बाटली काढली. आत पिवळसर पेट्रोल होतं आणि तळाशी काळी रबरी वायसरं पडली होती. त्यांनी एक चिमट्यानं बाहेर काढलं आणि शेजारी कोरं वायसर ठेवलं. बाटलीतलं वायसर फुगून लिबलिबीत झालं होतं. "फवारणी पंपाचं हाय. आठ दिस भिजत ठिवलं. आताच्या पेट्रोलात ऊस असतोय, बाई. कारखान्याचं स्पिरिट घालत्यात त्यात. तुमचाच ऊस तुमचं वायसर खातोय."

आमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, त्यामुळं मला उगाच अपराधी वाटलं.

तात्यांचा सल्ला असा होता, की कंपनीचं नाव बघू नका, पंपाचा दट्ट्या ओढून बघा. त्याचं वायसर चामड्याचं असलं तर तेल लावून ते कुठंही जिवंत करता येतं. बाकीची रबरं काळी असली तर सोडा, तपकिरी असली तर घ्या. आणि जो स्टोव्ह साध्या पान्यानं खोलत नाही, तो डोंगरावर न्यायचा नाही, कारण तो तिथंच बंद पडणार. "आणि आणाल तो मला दाखवा," ते म्हणाले. "लई दिवसांत स्टो न्हाय उघडला."

पुढच्या दोन आठवड्यांत आमच्याकडं दोन स्टोव्ह आले. एक मी ऑनलाईन मागवलेला, नवा, चकचकीत, खेळण्याइतका स्वस्त. त्याच्यासोबतच्या हिंदी सूचनापत्रकात लिहिलं होतं, 'ज्वाला को प्रसन्न होने दें, तब बर्तन बिठाएँ.' दहा दिवसांत परत करायची सोय होती.

दुसरा बारामतीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांचा. त्यांनी तरुणपणी हिमालयात बरीच भटकंती केली होती, आणि आता गुडघ्यांमुळं सामान विकायला काढलं होतं. त्यांची जाहिरात वाचून आम्ही गेलो, तर विकणारे ते असूनही मुलाखत आमचीच झाली. स्टोव्ह कशासाठी पाहिजे, मुक्काम कुठं करता, वारा आल्यावर आडोसा कसा करता. माझी उत्तरं त्यांना पटेनात. मग वन्संनी त्यांच्या हातातून स्टोव्ह घेतला, दट्ट्या ओढला, चामड्याचं वायसर बोटानं दाबलं आणि म्हणाल्या, "सर, हे कोरडं पडलंय. तेल कधी घातलं होतं?" प्राध्यापकांनीही वायसर दाबून पाहिलं. जरा वेळानं त्यांनी स्टोव्ह आठ दिवस वापरून बघायला दिला, वर चहाही दिला.

दोन्ही स्टोव्हची परीक्षा वरकुट्याला, आमच्या शेतातल्या घरी घ्यायची ठरली. मी आणि माझा नवरा आठवडाभर बारामतीत असतो, शनिवारी गावी जातो. तिथं माझे सासरे, आबा, एकटे राहतात. आबा ऐंशीचे आहेत. तरुणपणी ते मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. मग कळप विकला, पाणी आलं, ऊस आला. पण वर्षातले आठ महिने उघड्यावर स्वयंपाक केलेल्या माणसाला स्टोव्ह पाठीवर वाहून नेणाऱ्या सुना आणि मुली बघून काय वाटत असेल, ते आबांनी कधी लपवलं नाही.

"आमी तीन दगड कधी पाठीवर न्हेलं न्हाय," ते म्हणाले. "जाईल तितं मिळायचं."

"आबा, आता गडावर लाकूड तोडलं तर फॉरेस्टवाले धरतात," वन्सं म्हणाल्या.

"वाळलेलं कोण तोडतंय? उचलायचं."

"पावसात?"

"पावसात घरी बसायचं." आबांनी पाय पसरले. "लावा तुमचं स्टो. मीबी चूल मांडतो. बघू कुणाचं पाणी आधी उकळतंय."

अडचण पेट्रोलची होती. आदल्या दिवशी वन्सं हायवेच्या पंपावर प्राध्यापकांची अॅल्युमिनियमची बाटली घेऊन गेल्या. पंपावरच्या माणसानं मान हलवली. "बाटलीत देत न्हाय."

"मी नर्स आहे," वन्संनी सांगितलं. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर बस, बँक आणि लग्नाच्या पंगतीत वापरलेलं होतं आणि ते कधी वाया गेलेलं नव्हतं.

"मग कुणाला पाजायचंय?" त्या माणसानं विचारलं.

वन्सं परत आल्या. रविवारी सकाळी माझा नवरा अंघोळीला गेला. तो अंथुर्ण्याला एका पाहुण्यांच्या शेतात उसाचं बेणं बघायला जाणार होता. त्याची मोटारसायकल ओसरीपुढं उभी होती. वन्संनी मला खूण केली, पिशवीतून सलाईनची नळी आणि मोठी सिरिंज काढली आणि टाकीचं झाकण उघडलं. "तोंडानं ओढायचं नसतं," त्या मला शिकवत म्हणाल्या. "फुप्फुसात गेलं की संपलं." सिरिंजनं एकदा ओढ दिली आणि पेट्रोल नळीतून बाटलीत शांतपणे उतरायला लागलं. आतून अंघोळीच्या पाण्याचा आवाज येत होता, त्यावर माझं लक्ष होतं. शाळेत कॉपी करणाऱ्या मुलांना मी काय काय बोलते, ते मला त्या दोन मिनिटांत सगळं आठवलं. पाण्याचा आवाज थांबला तेव्हा वन्सं झाकण लावून पारिजातकाची फुलं वेचत होत्या.

नवरा गेला. सकाळची कामं उरकून आम्ही अंगणात सामान मांडलं. मी वही आणि घड्याळ घेतलं, शाळेतला थर्मामीटरही आणला होता. दोन्ही स्टोव्हच्या पातेल्यांत फिल्टरचं पाणी मोजून ओतलं आणि त्यांचं तापमान लिहून घेतलं. आबांनी त्यांचं पाणी स्वतः घरातून भरून आणलं. काळ्या बुडाचं, चेपलेलं जर्मलचं पातेलं होतं. सासऱ्यांच्या पातेल्यात थर्मामीटर बुडवणं मला बरं वाटेना, म्हणून मी त्यांचा रकाना मोकळा सोडला.

आधी स्वस्तातला पेटवला. वन्संनी सूचनेप्रमाणं पंप मारला, काडी लावली. ज्वाला प्रसन्न झाली नाही, खवळली. पिवळा जाळ ओसरीच्या पत्र्यापर्यंत उडाला आणि तिथं वाळत घातलेल्या आबांच्या टॉवेलचं टोक घेऊन गेला. मी मागं सरले. वन्संनी एका हातानं टॉवेल ओढून मातीत टाकला आणि दुसऱ्या हातानं बाटलीची चावी बंद केली. तोपर्यंत त्यांच्या उजव्या भुवईचे केस जळून आखडले होते.

"ह्यो मेला," आबा आपल्या चुलीत काटकी सारत म्हणाले.

प्राध्यापकांच्या स्टोव्हला आधी तोंड गरम करून द्यावं लागतं. वन्संनी त्याच्या वाटीत थोडं पेट्रोल सोडून पेटवलं, ते जळत आलं तशी चावी हळूच फिरवली. एक घोगरा आवाज आला आणि मग निळा जाळ लागला, जुन्या पंपाच्या स्टोव्हसारखा भुर्र आवाज करत. मला एकदम माझ्या माहेरचं सकाळचं स्वयंपाकघर आठवलं. आम्ही दोघी पातेल्यावर वाकून बघत बसलो. बुडाला बारीक फुगे धरायला लागले.

"उकळलं," आबा म्हणाले.

आम्ही वळून पाहिलं. त्यांच्या तीन दगडांवरचं पातेलं खदखदत होतं. मी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्यांच्या काटक्या धड पेटलेल्याही नव्हत्या. पण उकळी समोर होती, ती मी नाकारणार कशी? मी वहीत वेळ लिहिली. आबांनी त्याच पाण्यात चहा-साखर टाकली, वरून दूध सोडलं आणि आम्हाला बसायला सांगितलं. मेंढरं, घाट, कोकणातली भाताची खाचरं, सगळं ऐकून घ्यावं लागलं. जिंकलेल्या माणसापुढं आम्हाला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

चहा कपांत ओतला जात होता तेव्हा मोटारसायकलचा आवाज आला. नवरा आला तो घामानं भिजलेला, बुटांवर धूळ. त्यानं पहिला कप उचलला, घोट घेतला आणि थांबला.

"चहा खारट का लागतोय?"

वन्संनी आपला कप ओठाला लावला. मीही लावला. चहा खरंच खारट होता. आमच्या बोअरचं पाणी खारं आहे. पिण्याचं पाणी फिल्टरचं असतं, आणि बोअरचं पाणी फक्त अंघोळीला, छतावरच्या सोलरमधून येतं. सकाळी दहाच्या उन्हात त्या नळाला हात लावला तर भाजतो.

वन्संनी कप खाली ठेवला. "आबा, पाणी कुठल्या नळाचं घेतलं?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "नळ म्हंजी नळ. त्याला काय नाव असतंय व्हय?"

"आबा."

"न्हाणीतला."

माझ्या हातात थर्मामीटर होता. वीस वर्षं मी मुलांना सांगत आले, की प्रयोगाच्या सुरुवातीची नोंद आधी घ्यायची. मी तो पिशवीत ठेवून दिला.

तेवढ्यात नवऱ्याची नजर खाटेवर गेली. तिथं सलाईनची नळी आणि सिरिंज पडली होती. "अंथुर्ण्याच्या अलीकडं गाडी बंद पडली," तो सावकाश म्हणाला. "काल तर मी शंभरचं पेट्रोल टाकलं होतं. पेट्रोल मिळेपर्यंत दोन किलोमीटर ढकलली. पाहुणे माझ्याकडं बघून हसत होते." त्यानं बहिणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी वहीत डोकं घातलं.

"न्हाणीतलं पाणी घेतलं म्हणून मला बोलत होतीस न्हवं?" आबांनी लेकीला विचारलं. त्यांचा आवाज फार गोड झाला होता. "बोल की. ह्यालाबी ऐकू दे."

वन्संनी भावासाठी फिल्टरच्या पाण्याचा नवा चहा टाकला. प्राध्यापकांच्या स्टोव्हवर. तो चार मिनिटांत झाला, आणि यावेळी सुरुवातीचं तापमान मी लिहून घेतलं होतं. नवरा दोन कप प्याला, पण संध्याकाळपर्यंत आमच्याशी मोजकंच बोलला.

स्वस्तातला स्टोव्ह मी परत पाठवला. 'परत करण्याचं कारण' या रकान्यात काय लिहायचं, म्हणून वन्संना फोन केला. "लिही," त्या म्हणाल्या, "ज्वाला अपेक्षेपेक्षा प्रसन्न." ते तसंच लिहिलं, आणि कुणी काही विचारलं नाही. प्राध्यापकांचा स्टोव्ह नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशात आमचा झाला. देताना त्यांनी जळकी भुवई निरखून पाहिली, पण सभ्य माणूस, विचारलं नाही. तात्यांनी तो पूर्ण खोलला, एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडला आणि दोन काळी रबरं काढून तपकिरी घातली. चामड्याला गोडं तेल लावलं. मजुरी घ्यायला ते तयार नव्हते. म्हणाले, पुन्हा कधी बिघडला तर दुसऱ्या कुणाकडं न्यायचा नाही, एवढंच.

पुढच्या थंडीत आम्ही सह्याद्रीतल्या एका उंच पठारावर दोन रात्रींसाठी गेलो. एसटीत पेट्रोल नेता येत नाही, म्हणून बाटली रिकामी. पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडं जेवलो, त्यांची मोटारसायकल मुलगा तालुक्याला घेऊन गेला होता. दारात जीप होती. वन्संनी जीपवाल्याकडून अर्धा लिटर डिझेल घेतलं. मागून घेतलं, हे मी मुद्दाम नोंदवते.

डिझेल नाठाळ. स्टोव्हचं छोटं तोंड बदलून दुसरं बसवावं लागतं, आणि ते लवकर पेटत नाही. पठारावर वारा सुटला होता. वन्संनी औषधांच्या डब्यातलं स्पिरिट वाटीत ओतून पेटवलं आणि बर्नर चांगला तापेपर्यंत थांबल्या. काळा धूर निघाला, त्यानं आमची तोंडं माखली, आणि मग जाळ धरला. आम्ही पिठलं टाकलं.

आमच्या शेजारी पुण्याच्या आठ जणांचा गट उतरला होता. कंपनीत काम करणारी, तिशीतली माणसं, सगळ्यांकडं एकसारखी भारी जॅकेटं. त्यांच्याकडं गॅसचे डबे होते. थोड्या वेळानं त्यांच्यातला एक डबा काखेत धरून बसलेला दिसला. दुसऱ्यानं त्याला जॅकेट गुंडाळलं. वन्सं हे सगळं पिठलं हलवत बघत होत्या आणि त्यांचा चेहरा, जेवढा काजळीतून दिसत होता तेवढा, अतिशय समाधानी होता.

शेवटी त्यांच्यातली एक बाई आली. "काकू, थोडं गरम पाणी मिळेल का? नूडल्ससाठी."

"मिळेल की," वन्सं म्हणाल्या. "कांदे चिरता येतात?"

त्या सगळ्यांना कांदे चिरायला बसवलं. एकाला पंप मारायला लावलं, आणि दर वीस पंपांनी तो बरोबर मारतोय का, हे तपासलं. नूडल्स राहिले बाजूला. पिठल्यात पाणी वाढवून सगळ्यांना पुरवलं, आमच्या भाकरी वाटून खाल्ल्या. भांडी घासायला दोघं स्वतःहून उठले. त्यांना तसं सुचवायला वन्संनी फक्त त्यांच्याकडं पाहिलं होतं.

मग चहा ठेवला. पातेलं एकच, माणसं दहा, वारा असा की हात बाहेर काढवत नव्हता. उकळी आली तसे सगळे ग्लास पुढं झाले. वन्संनी पहिला ग्लास भरला आणि सगळ्यांना वाटलं की तो आता कुणाच्या तरी हातात जाणार. त्यांनी तो स्वतःच्या तोंडाला लावला. पस्तीस वर्षं ड्यूटीवर त्यांचा चहा कुठल्या ना कुठल्या वॉर्डात निवत पडलेला असायचा, हे मला त्यांच्या सोबतच्या नर्सबाईंनी एकदा सांगितलं होतं. स्वतः वन्सं त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. भुरका मारत, मध्ये थांबून वाफ नाकात घेत, त्या सावकाश पीत राहिल्या. नऊ माणसं थंडीत ग्लास धरून त्यांच्याकडं बघत होती आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

ग्लास रिकामा झाला. त्यांनी तो उलटा करून शेवटचा थेंब झटकला आणि पळी हातात घेतली.

"हं," त्या म्हणाल्या, "आता एकेकानं या. ढकलाढकली नको."